जोडीला कोण?

शर्यतीचा बैल कितीही नामांकित असला तरी एकट्याने जिंकणं त्याच्या नशिबी नसतं. घोडा एकटा धावतो, एकटा जिंकतो आणि फोटोतही एकटाच मान ताठ करून उभा राहतो. छकड्याला मात्र दोन खांदे लागतात. त्यामुळे सातारा-सांगलीच्या माळांवर कुठे मैदान ठरलं, त्याचं पत्रक मोबाइलवर फिरू लागलं, की मालकाच्या डोक्यात हरवायचं कुणाला हा विचार मागून येतो. जोडीला कोण, हा आधी. ज्याच्या दावणीला एकच पळणारा बैल आहे तो दुसऱ्या गावच्या मालकाच्या बैलाशी पैरा करतो. गेल्या रविवारी ज्या बैलाने आपल्याला सेमीफायनललाच घरी पाठवलं, त्याच्याच मालकाला बुधवारी संध्याकाळी फोन जातो. आवाज एरवीपेक्षा दोन सूर खाली असतो. "दादा, तुमचा डावीकडनं पळतोय, आमचा उजवीकडनं. पुसेगावला घालूया का जोडून?" दादा जरा वेळ खाकरतात, उन्हापावसाचा विषय काढतात आणि मग म्हणतात, "बघू की." झालं. जोडी जमली.

मैदानावर मग माइकवाला दोन्ही मालकांची आणि दोन्ही गावांची नावं एका दमात घेतो. झेंडा पडतो आणि धुळीच्या लोटातून दोन पांढरेशुभ्र खिल्लार असे सुटतात की जन्मापासून एकाच गोठ्यात वाढलेत असं वाटावं. जिंकले तर गुलाल दोघांच्या कपाळावर आणि बक्षिसाची वाटणी निम्मी-निम्मी. पुढच्या मैदानाला हेच दोन मालक समोरासमोर, आणि तेव्हा एकमेकांच्या बैलाकडे ते असे पाहतात जसा माजी मुख्यमंत्री आजच्या मुख्यमंत्र्याकडे पाहतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत ज्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही असे मालक संघटना करून एकत्र आले, एकाच मांडवात बसले, एकाच वकिलाकडे आशेने बघू लागले. पुन्हा एकदा एकमेकांना हरवता यावं एवढ्यासाठी इतकी वर्षं केलेली ती एकजूट होती. मला तिच्यात काहीतरी फार हृद्य वाटतं.

पैरा मला भेटला तो शर्यतीत नाही, नांगरटीत. आजोळ खटाव तालुक्यातलं. बहात्तरच्या दुष्काळाने दावणी रिकाम्या केल्या होत्या आणि पुढची कितीतरी वर्षं गावात एकबैली माणसं पुष्कळ होती. मामाकडे एक बैल, हौशा. भावकीतल्या तात्यांकडे एक, पाखऱ्या. मामा आणि तात्यांचा हातभर बांधावरून वडूजच्या कोर्टात दावा चालू होता, बोलणं बंद होतं, एकाच्या घरचं हळदी-कुंकू दुसऱ्याच्या घरी जात नव्हतं. पण मृग जवळ आला की हौशा आणि पाखऱ्या एका जुवाखाली उभे राहायचे, कारण एका बैलाने नांगर चालत नाही, हे कोर्टाला माहीत नसलं तरी दोघांना माहीत होतं. आज मामाचं रान, उद्या तात्यांचं. बोलायचं तर नव्हतं, आणि नांगरताना न बोलून भागत नाही. त्यावर दोघांनी उपाय काढला होता. मामा कासऱ्याला हलका हिसका देऊन म्हणायचा, "हौश्या, सांग तुझ्या जोडीदाराच्या मालकाला, तास वाकडं चाललंय." आणि नांगराच्या रुमण्यावर भार देत तात्या म्हणायचे, "पाखऱ्या, म्हणावं त्यांना, तास नीटच हाय, बांध तेवढा वाकडा हाय." दोन्ही बैल आपल्यातर्फे चाललेली ही वकिली शांतपणे ऐकत ढेकळं तुडवत राहायचे. संध्याकाळी जू उतरलं की मामा आपल्या बैलाच्या आधी पाखऱ्याच्या खांद्यावर हात फिरवून बघायचा, कुठे सोललंय का. परक्याचा बैल. त्याला लागलं तर तोंड कुठे दाखवायचं?

तारखेच्या दिवशी तर आणखी गंमत. गावातून सकाळी वडूजला जाणारी एसटी एकच. वादी आणि प्रतिवादी एकाच गाडीत, एक पुढच्या दाराशी, एक मागच्या. मामी भाकरी बांधताना दोन जास्त बांधायची आणि कुणी विचारलं नसतानाही स्वतःशीच बडबडायची, "त्यांची बायकू म्हायेरी गेलीया. उपाशी ऱ्हायचं ते बाबा दिवसभर." कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली दोघे एकमेकांकडे पाठ करून जेवायला बसले होते, हे मी स्वतः पाहिलं आहे. मामाने भाकरी आणि ठेचा मागे न बघता खांद्यावरून मागे धरला, तात्यांनी तो मागे न बघता घेतला, आणि थोड्या वेळाने त्याच वाटेने एक कांदा परत आला. तेवढ्यात पुकारा झाला आणि दोघे तोंड पुसत, एकमेकांना पाण्यात पाहायला आत गेले. तो दावा दोन्ही बैलांपेक्षा जास्त जगला.

मामाला कुणी हा विरोधाभास समजावून सांगितला असता तर त्याने सांगणाऱ्याकडेच काळजीने पाहिलं असतं. बांध वेगळा आणि बैल वेगळा. इर्जिकीलाही हेच. एखाद्याचं रान पडून राहिलेलं असलं की अख्खं गाव आपापले नांगर घेऊन त्याच्या शेतात उतरायचं, मजुरी नाही, फक्त रात्रीचं जेवण. आता याहून शुद्ध परोपकार कुठला शोधायचा? पण त्या परोपकारातही कुणाचा नांगर आधी कडेला लागतो आणि कुणाचं तास सुतात येतं, याकडे सगळ्यांचा तिरका डोळा असायचा. ज्याचं रान होतं त्याचा यात तोटा काहीच नव्हता. ईर्षेने चालवलेला नांगर, माझ्या मते, प्रेमाने चालवलेल्या नांगरापेक्षा चार बोटं जास्त खोल जातो.

मुळात सातारा आणि सांगली हे दोन जिल्हेच एक वाटणीपत्र आहेत. नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात, संस्थानं सोडली तर, इथून तिथून सगळा साताराच. संस्थानं विलीन झाल्यावर १९४९ साली उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन वाटे पडले आणि १९६० साली दक्षिणेकडच्या धाकट्याने सांगली हे स्वतःचं नाव लावलं. तेव्हापासून थोरल्याकडे कंदी पेढे, तर धाकट्याकडे भडंग. थोरल्याकडे अजिंक्यतारा, तर धाकट्याकडे हळदीचा बाजार आणि शेजारी मिरजेच्या सतारी. यशवंतराव चव्हाणांची वाटणी मात्र आजवर कुणाला जमलेली नाही. जन्म देवराष्ट्र्याचा, म्हणजे आजच्या हिशेबाने सांगलीचा. घडले, निवडून आले आणि विसावले ते कऱ्हाडला, म्हणजे साताऱ्याला. बारा मार्चच्या जयंतीला दोन्हीकडचे वक्ते त्यांना 'आपल्या मातीतले' म्हणतात आणि दोघेही खरं बोलत असतात, जे वक्त्यांच्या बाबतीत क्वचितच घडतं.

नदीचीही वाटणी झाली नाही. महाबळेश्वरला निघालेली कृष्णा कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयनेला मिठी मारते आणि दोघींचं मिळून जे काय असेल ते सांगलीच्या दारात आणून टाकते. थोरल्याने धरणाचे दरवाजे उचलले की धाकट्याचं अंगण भरतं. त्यामुळे ऑगस्ट महिन्यात सांगलीच्या माणसाला स्वतःच्या रक्तदाबापेक्षा कोयनेचा विसर्ग आणि आयर्विन पुलाची पातळी जास्त तोंडपाठ असते. १९२९ सालचा तो पूल. त्यावरचे फुटांचे आकडे आमच्याकडे आयाबायासुद्धा शेअरबाजारासारखे वाचतात. २०१९ साली आकडा ५७ फुटांवर गेला. त्या काठच्या गावांत पावसाळ्यात होड्यांच्या शर्यती होतात आणि कुठल्या गावची होडी पुढे यावरून वर्षभर पारावर वाद चालतात. पुरात तीच गावं, तेच वल्ह्यावर बसणारे दंड, एकमेकांच्या आयाबहिणींना माडीवरून उतरवून घेत होते. त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली. सांगली ते विसरलेली नाही, आणि होडीबद्दल हलकंफुलकं लिहिताना माझाही हात इथे थांबतो.

कुस्तीचं बोलू. तालमीत पैलवानाला जोड लागते. ज्याला रोज पाडायचं, त्याच्याच अंगाला तेल लावायचं, त्याच्याच पाठीवरची तांबडी माती खरवडून काढायची, आणि त्याचा पट काढायचा डाव कच्चा असेल तर तो पक्का करून द्यायचा, म्हणजे उद्या त्याला तो आपल्यावरच नीट घालता येईल. जगात आणखी कुठल्या धंद्यात माणूस आपल्या प्रतिस्पर्ध्याला इतक्या मनापासून तयार करतो, मला ठाऊक नाही. दुकानदार तर नक्कीच करत नाहीत, आणि साहित्यिकांविषयी न बोललेलं बरं. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले, ते असेच पुष्कळ लोकांच्या पाठीवरून. सरकारी मदत पुरेशी नव्हती. गावोगाव वर्गणी फिरली. ज्या घरात चहाला साखर नव्हती त्या घरानेही काहीतरी दिलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. एका पोराने परदेशी जाऊन चार अनोळखी माणसांना चीत करावं म्हणून एका प्राध्यापकाने घर गहाण टाकणं, ही व्यवहारात कुठेच न बसणारी गोष्ट आहे, आणि म्हणूनच ती आमच्याकडे अजून सांगितली जाते. खाशाबांनी ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांची मिरवणूक निघाली ती शंभराहून जास्त बैलगाड्यांची, आणि काही मिनिटांच्या वाटेला तिने कित्येक तास घेतले. पुढे खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांची मैदानं भरवली, त्यात स्वतः उतरले, आलेला पैसा प्राचार्यांच्या हाती ठेवला आणि घर सोडवलं. कर्ज सहकाराचं, फेड स्पर्धेची.

सहकार म्हटल्यावर साखर कारखान्याचं नाव न घेता पुढे जाणं म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेचं नाव न घेण्यासारखं. पण त्यावर इतकं लिहिलं गेलं आहे, आणि इतक्या मिटक्या मारून, की मी फक्त दारातून डोकावतो. २०२१ साली रेठरे बुद्रुकच्या कृष्णा सहकारी साखर कारखान्याची निवडणूक तिरंगी झाली. तीन पॅनेलांची नावं होती सहकार, रयत आणि संस्थापक. म्हणजे सहकाराविरुद्ध रयत, रयतेविरुद्ध संस्थापक, आणि संस्थापकाविरुद्ध पुन्हा सहकार. सहकार पॅनेल निवडून आलं. निकालाची ती बातमी मी दोनदा वाचली, आणि दुसऱ्या वेळी तर ती एखाद्या जुन्या संतांच्या कूटरचनेसारखी लागली.

आमच्या अंजनीच्या आर. आर. आबांनी मात्र हे कूट सोडवायचा मोठा प्रामाणिक प्रयत्न केला. तासगाव तालुक्यातलं हे छोटं गाव आणि तिथून निघालेला हा माणूस. ग्रामविकासमंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं, तेव्हा ज्या गल्ल्यांत पिढ्यान् पिढ्या कुणी झाडू फिरवला नव्हता तिथे शेजारच्या गावाच्या धास्तीने सडा-रांगोळी दिसू लागली. स्वच्छतेसाठी नव्हे, तर 'त्यांच्यापेक्षा' स्वच्छ दिसण्यासाठी. पण गटाराला हेतू कळत नाही, ते वाहू लागतं. पुढे गृहमंत्री झाल्यावर २००७ साली त्यांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ज्या गावात भांडणं सामोपचाराने मिटतील त्या गावाला बक्षीस. कल्पना किती गोड आहे बघा: कोण सर्वांत कमी भांडतो यावरून गावागावांत चढाओढ! गाव करील ते राव काय करील. गावाने तंटे मिटवायला समिती नेमली, समितीला अध्यक्ष हवा, आणि अध्यक्ष कोण यावरून ठिकठिकाणी जे तंटे झाले त्यांच्या बातम्या आम्ही वर्तमानपत्रांत वाचल्या. तरीही हजारो जुनी प्रकरणं त्या समित्यांपुढे मिटली, हेही खरं. मामा आणि तात्या तोवर राहिले असते तर कदाचित त्यांचंही मिटलं असतं. पण मग मला शंका येते, दावा मिटवून दोघं करमणुकीला काय करणार होते?

माण तालुक्यातल्या म्हसवडच्या बायकांची गोष्ट तर सगळ्यावर कडी आहे. चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःची सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला. प्रवर्तक बायकांपैकी कितीतरी अंगठेबहाद्दर. बायका परत आल्या. लिहाय-वाचायला शिकू लागल्या, आणि पुन्हा त्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या त्या आव्हान घेऊनच. आम्हाला कुठल्याही रकमेचं व्याज काढायला सांगा. तुमच्या साहेबांनीही काढावं, पण कॅल्क्युलेटरशिवाय. बघू कुणाचं आधी होतं. त्या केबिनमध्ये त्या वेळी पसरलेली शांतता मला ऐकू येते. जन्मभर सावकाराचं व्याज तोंडी मोजत आलेल्या बायका त्या. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. एकमेकींना मदत करण्याचा परवाना मिळवण्यासाठी आधी रिझर्व्ह बँकेशी पैज लावावी लागली, हे माणदेशी पाण्यालाच शोभतं.

पाणी म्हटलं, तर माणदेशात ते म्हणण्यापुरतंच असायचं. सह्याद्रीचे ढग साताऱ्याच्या पश्चिमेला सगळं रितं करून येतात आणि माण-खटाव-कोरेगावच्या पूर्वेला पोचेपर्यंत त्यांच्याजवळ फक्त सावली उरते. अशा मुलखात २०१६ साली पानी फाउंडेशनने वॉटर कप नावाची स्पर्धा आणली. तिच्यामागे चित्रपटातले आमिर खान, सत्यजित भटकळ, आणि आमच्या साताऱ्याचे डॉ. अविनाश पोळ. डॉ. पोळ हे दातांचे डॉक्टर. अजिंक्यताऱ्यावर श्रमदान करता करता ते डोंगरांच्या दाढांवर केव्हा आले ते त्यांनाच ठाऊक. स्पर्धेचा नियम सोपा: ४५ दिवसांत जे गाव श्रमदानाने पाणी अडवायची सर्वांत जास्त आणि सर्वांत चांगली कामं करील, ते जिंकलं. पहिल्या वर्षी तीन तालुक्यांतली ११६ गावं उतरली आणि पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने घेतला, ५० लाखांचा. २०१८ साली स्पर्धा ७५ तालुक्यांत पसरली होती. त्या वर्षीचा ७५ लाखांचा पहिला क्रमांक माण तालुक्यातल्या टाकेवाडीचा, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत त्याच तालुक्यातलं भांडवली.

पैसा मोठाच होता, पण त्या दीड महिन्यात डोंगरावर गेलेल्या कुणालाही विचारा, लोक पैशासाठी खणत होते असं वाटायचं का? मी त्या वर्षी महाराष्ट्रदिनाला जलमित्र म्हणून माणमधल्या एका गावात श्रमदानाला गेलो होतो. पहाटे साडेपाचला भोंगा वाजला. अंधारात विजेऱ्यांची एक रांग डोंगर चढत होती. दोन वेगवेगळ्या पार्ट्यांचे माजी सरपंच एकाच चरात पुढे-मागे वाकलेले. एक टिकाव मारतोय, दुसरा खोऱ्याने माती ओढतोय, आणि दोघेही एकमेकांच्या दमाकडे चोरून बघतायत. चराच्या कडेला एक आक्का दोरी आणि फक्की घेऊन उभी होती. मी बराच वेळ खणल्यावर ती माझ्या खड्ड्यापाशी आली, आत डोकावली, आणि कुठल्याही शब्दापेक्षा जास्त दुखेल इतक्या मायेने म्हणाली, "ऱ्हाऊ द्या दादा, तुमी पानी वाटा." मग मी पाणी वाटलं. त्या निमित्ताने सगळ्या डोंगरावरून हिंडलो आणि कानावर पडत गेलं ते एकच: शेजारच्यांचं किती झालं? रात्री दोन पोरं मोटरसायकलवरून शेजारच्या शिवारात हेरगिरीला जाऊन आली होती. त्यांनी आणलेली बातमी चिंतेची होती. शेजारी पुढे होते. पण पोरं तिकडून आणखी एक गोष्ट घेऊन आली होती, वीसेक घमेली. शेजाऱ्यांकडे जास्तीची होती. "आमी हेरायला आलोय त्ये त्यास्नी कळलं," पोरगं ओशाळून सांगत होतं, "मग म्हनले, आलायसा तर जाताना घमेली न्या, तुमच्याकडं कमी पडत्यात म्हनं." म्हणजे हेर त्यांचेही होतेच.

या स्पर्धेतली खरी मौज पुढेच आहे आणि ती कुणी नियमांत लिहिलेली नव्हती. धावण्याची शर्यत जिंकली की धावलेलं अंतर आपलं असतं. पाण्याचं तसं नाही. वरच्या गावाने चर खणले, दगडी बांध घातले, पाऊस अडवला, जिरवला, आणि मग ते पाणी मुरमातून, काळ्या खडकाच्या भेगांतून कुठे जातं? उताराला. उताराला बहुधा हरलेलं गाव असतं. तलाठ्याच्या नकाशावरची शीव जमिनीत फुटभरही खाली उतरत नाही. एका गावाने दीड महिना हाताला फोड आणून दुसऱ्याला हरवायचं, आणि पावसाळा संपता संपता त्याच दुसऱ्याच्या विहिरीत झरे फुटायचे, असला खेळ ज्याने मांडला असेल त्याला पंच म्हणावं की मिस्किल आजोबा, हे मला ठरवता आलेलं नाही.

दोनेक वर्षांनी त्याच भागातल्या एका न जिंकलेल्या गावात अण्णांकडे उतरलो होतो. वय ऐंशीच्या घरात, डोक्याला पटका, स्पर्धेत स्वतः टिकाव मारलेला. शेजारच्या गावाला तालुक्याचं बक्षीस मिळालं होतं आणि अण्णांना मार्कांचा हिशेब अजून मान्य नव्हता. ओसरीसमोरची विहीर मार्चमध्येही दोन पुरुष भरलेली. म्हटलं, "अण्णा, पाणी झकास आहे की." अण्णांनी तांब्यातून घोट घेतला, तो तोंडात खेळवला, डोळे बारीक करून समोरच्या डोंगराकडे पाहिलं.

"हाय. पर बगा जरा चाखून. मचूळ लागतंय का न्हाई? ह्यो त्यांच्याकडचा झरा. आमच्या अंगचा हाय त्यो वायला, त्याला असली चव न्हाई."

मला दोन्हींत फरक कळेना. तेवढ्यात आतून भांड्यांचा आवाज थांबला आणि सूनबाईंचा आवाज आला, "अण्णा, मचूळ काय न्हाई ते. आमच्या डोंगराचं पानी ग्वाड हाय."

सूनबाई शेजारच्याच गावच्या.

"बगा," अण्णा आवाज न उतरवता, तिला ऐकू जाईल अशा बेताने मला म्हणाले, "घरात बी त्यांचीच मानसं." आणि माझा पेला भरून झाल्यावर आत ओरडले, "पाव्हण्यांस्नी बाटलीत बी भरून दे गं. वाटंत असलं पानी मिळायचं न्हाई."